आप्पांचं इंजिन आणि तांदळाएवढी नळी

इथे अंबरपेठ-काचीगुड्याच्या आठवणी निघाल्या की मी नुसता वाचत बसतो, लिहीत नाही. आज लिहितोय, कारण हे एकदा चारचौघांत सांगायलाच हवं होतं. ज्या चारचौघांत ते घडलं त्यांतले निम्मे आता नाहीत. म्हणून तुम्ही.

आमचं अंबरपेठेतलं घर या उन्हाळ्यात डेव्हलपमेंटला दिलं. आप्पांनी बांधलेलं बैठं घर, पुढे कडुलिंब, मागे न्हाणी. आता तिथे पाच मजले होतील. मार्चपासून मी एकटाच सामान आवरत होतो. माळ्यावर आप्पांची हिरवी ट्रंक होती. तिच्यात रेल्वेचे जुने पास, लालागुड्याच्या कारखान्यातली पितळी बिल्ल्याची टोपी, आईचं एक पातळ, आणि त्या पातळात गुंडाळलेला बुटाचा खोका. खोका हातात घेतल्याबरोबर वजनावरूनच कळलं काय आहे ते. उघडायला मात्र चार दिवस लागले.

आप्पा लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. हा कारखाना निजामाच्या रेल्वेचा, १८९३ सालचा. त्या काळी त्या भागात अँग्लो-इंडियन कुटुंबं पुष्कळ. साठ-सत्तरच्या दशकांत त्यातली कितीतरी ऑस्ट्रेलियाला, इंग्लंडला निघून गेली. आप्पांचे एक फोरमन साहेब १९७० साली असेच पर्थला गेले. जाताना घरातलं सगळं विकलं, पण मुलाचं खेळण्यातलं इंजिन त्यांनी आप्पांच्या हातात ठेवलं. त्याचे रूळ, दोन डबे, तुटका कंट्रोलर सगळं दिलं. आप्पांनी कोणाकडून फुकट काही घेतल्याचं मला तेवढं एकच आठवतं.

इंजिन म्हणजे काळी छोटी टँक इंजिन, सहा चाकांची. बाजूला पांढरा आकडा, ४७६०६. पोटावर लिहिलेलं ट्राय-अँग. इंग्लंडातल्या मार्गेट गावच्या कारखान्यातलं. खऱ्या इंजिनाला तिकडे लोक 'जिंटी' म्हणत. १९२४ पासून अशी ४२२ बांधली होती, यार्डातले डबे इकडून तिकडे ढकलायला. म्हणजे मेलची ऐटबाज इंजिन नव्हे, हमाल. आप्पांना ती म्हणूनच आवडायची की काय कोण जाणे. काचीगुडा-मनमाड मीटर गेजवर तेव्हा वायपी इंजिनं धावायची, आम्ही पोरं त्यांच्यावर जीव टाकायचो. आप्पा म्हणायचे, "त्या मिरवायच्या. काम ही करते."

कंट्रोलर तुटका असल्यामुळे आप्पांनी आपली व्यवस्था केली. बांबू मधोमध चिरून त्यात टॉर्चचे आठ सेल ओळीने बसवले. दीड गुणिले आठ, बारा व्होल्ट. पुढे-मागे न्यायचं असेल तर दोन वायरी उलटसुलट लावायच्या. पण आठ सेल म्हणजे तेव्हा चैन! त्यामुळे गाडी चालायची वर्षातून दोनदा, गणपतीत आणि दिवाळीच्या किल्ल्याभोवती. इतर दिवशी ती कपाटावर. दादाला महिन्यातून एकदा शिलाई मशीनचं तेल द्यायची परवानगी होती. मला फक्त बघायची.

आता १९७२. मराठवाड्यात दुष्काळ. परभणीकडचे आमचे दोन काका, काकू, पोरं सगळे आमच्याकडे येऊन राहिलेले. घरात चौदा माणसं. गणपतीच्या पहिल्या दिवशी आरती झाली, आप्पांनी पाटाभोवती रूळ मांडले. शेजारच्या तेलुगू मामीसुद्धा मुलांना घेऊन आल्या. आप्पांनी वायर लावली आणि इंजिन हललं नाही. पुन्हा लावली. नाहीच. मग वास आला, जळका. वायरीवरचं प्लॅस्टिक मऊ पडून धूर निघाला, सेल हाताला चटका देईपर्यंत तापले. आप्पांनी इंजिन उचललं, नाकाशी धरलं. खालून तेल ओघळत होतं. दादाने आदल्या रात्री जरा जास्तच तेल दिलं होतं. तो नेहमीच जास्त द्यायचा.

"आर्मेचर जळालं," आप्पा म्हणाले. आणि सगळ्यांसमोर दादाच्या एक ठेवून दिली.

दादा तेरा वर्षांचा होता. रडला नाही. "मी फक्त तेलच दिलं आप्पा," एवढंच म्हणाला. आप्पांनी इंजिन खोक्यात घातलं, आणि त्यानंतर आमच्या घरात गणपतीला गाडी कधी चालली नाही.

एक मार म्हटलं तर काय, त्या काळी सगळेच खायचे. पण घरात एक गोष्ट पक्की झाली. दादाच्या हाताला यश नाही. परभणीच्या काकांनी त्याचं नाव 'तेल्या' ठेवलं, ते लग्नापर्यंत चाललं. पंखा बिघडला की आई म्हणायची, "तू नको रे, धाकट्याला बघू दे." दादाला मॅट्रिकनंतर कारखान्यात अप्रेंटिस व्हायचं होतं. आप्पांनी फॉर्म आणलासुद्धा नाही. म्हणाले, तू कॉमर्स कर. दादा कॉमर्स झाला, बँकेत लागला, नांदेडला गेला, तिथलाच झाला. आणि आप्पांची हत्यारांची पेटी, कानशी, व्हर्नियर, बारीक पेचकस, सगळं १९९८ साली आप्पा गेले तेव्हा माझ्याकडे आलं. मी जन्मभर सरकारी कचेरीत अकाउंट्स लिहिले. पेटी मात्र माझी, कारण मी 'जपून काम करणारा'.

तर ही इंजिन मार्चमध्ये माझ्या टेबलावर आली. रिटायर्ड माणूस, वेळच वेळ. आठ वर्षांची नात मागे लागली, आजोबा चालवा ना, मोबाईलवरून चालेल का? म्हटलं बघू.

ज्यांना या प्रकाराची आवड आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो, बाकीच्यांनी हा भाग भरभर वाचावा. हे मॉडेल ओओ स्केलचं. १ः७६. रूळ मात्र १६.५ मिलिमीटर, म्हणजे एचओ स्केलचेच. एचओचं प्रमाण १ः८७. इंग्लंडची खरी इंजिनं अंगाने लहान, १ः८७ मध्ये त्यांच्या पोटात त्या काळच्या मोटरी मावेनात. म्हणून त्यांनी अंग वाढवलं आणि रूळ तेच ठेवले. त्यामुळे ओओची प्रत्येक गाडी जरा अरुंद रुळावर उभी असते. लुगडं मोठं आणि वहाणा लहान. एकदा कळलं की डोळ्याला खटकत राहतं, म्हणून न सांगितलेलं बरं, पण सांगून बसलो.

बॉडी काढली. आत एक्स ०४ नावाची मोटर. उघडीबोडकी, आजच्या मोटरीसारखी डबीत बंद नाही. एक मॅग्नेटचा ठोकळा, मध्ये तीन पोलचं आर्मेचर, त्याच्या टोकाला कम्युटेटर, आणि कम्युटेटरला दोन बाजूंनी टेकलेले दोन कार्बन. आर्मेचरच्या दुसऱ्या टोकाला वर्म, तो चाकाच्या आसावरचा दात्याचा गिअर फिरवतो. झालं. यापेक्षा साधी मोटर असू शकत नाही. पन्नास वर्षांचं तेल वाळून डिंक झालेलं. ते आयसोप्रोपिल आणि जुन्या टूथब्रशने काढलं. कम्युटेटरच्या तीन तुकड्यांमधल्या फटींत कार्बनची काळी पूड भरते आणि तिथून करंट चोरवाटेने जातो, म्हणून फटी टूथपिकने कोरायच्या. सुईने नको, तांबं ओरबाडतं.

रूळ स्टीलचे, पार गंजलेले. ते बारीक पॉलिश पेपरने आणि स्पिरिटने घासले. स्टील वूल अजिबात वापरू नका. त्याचे केसासारखे तुकडे मॅग्नेटला चिकटतात आणि मोटरीत जाऊन बसतात.

मग मल्टीमीटर घेतला. आर्मेचर जळालेलं, हे तर ठरलेलंच होतं. कोठीच्या गुजराती गल्लीत कोणी एवढं बारीक रिवाइंडिंग करून देईल का, हाच माझा विचार. तीन तुकड्यांच्या तीन जोड्या, प्रत्येकीचा रोध मोजला. तिन्ही सारखे.

पुन्हा मोजले. तिन्ही सारखे! जळालेल्या वाइंडिंगमध्ये एक तरी जोडी वेगळी येते. वार्निश काळवंडतं. इथे तांब्याची तार अजून लालसर चमकत होती. आर्मेचर जळालंच नव्हतं. पन्नास वर्षं आमच्या घरात जे 'जळालं' होतं ते कधीच जळालं नव्हतं.

मग गाडी चालली का नाही?

कार्बन धरणाऱ्या तांब्याच्या दोन पट्ट्या असतात, आणि त्या दोघींना कम्युटेटरवर दाबून ठेवायला एकच स्प्रिंग असते, दोन पायांची. एका पट्टीला एका बाजूच्या रुळातून करंट येतो, दुसरी इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली, तिथून तो दुसऱ्या रुळात परत जातो. स्प्रिंग तर दोन्ही पट्ट्यांना टेकते, आणि ती स्वतः धातूची. म्हणून तिच्या एका पायावर एक बारीकशी नळी घातलेली असते, इन्शुलेशनची. तेवढ्या नळीवर सगळा खेळ. ती नसेल तर करंट मोटरीत जातच नाही, स्प्रिंगमधून सरळ पलीकडे जातो. इंजिन ढिम्म. वायर तापते, सेल तापतात, आणि आर्मेचरला मात्र धक्काही लागत नाही, कारण त्याच्या वाट्याला काही येतच नाही.

माझ्या स्प्रिंगचे दोन्ही पाय उघडे होते.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. म्हटलं कुजून पडली असेल. ट्रंक झटकली, खोका झटकला, पातळ झटकलं. तुकडा नाही, पूडही नाही. आणि मग ती नळी मला दिसली. खोक्यात नव्हे. १९७२ च्या आमच्या मधल्या खोलीत, शहाबादी फरशीवर.

गणपतीच्या आदल्या दुपारी सगळे झोपले होते. काकूंच्या घोरण्याचा आवाज येत होता. मी स्टुलावर चढून कपाटावरून इंजिन काढलं होतं. मला कार्बन बघायचा होता. दादा सांगायचा आत पेन्सिलीच्या शिशासारखं काळं असतं, त्याने लिहिता येतं. आप्पांच्या पेचकसाने बॉडी उघडली, नखाने स्प्रिंग काढली, कार्बन बाहेर आला. वहीवर ओढून बघितला. उठला. लगेच सगळं परत लावलं. स्प्रिंग बसेना, दोनदा उडाली, तिसऱ्यांदा बसली. बॉडी लावून इंजिन वर ठेवलं आणि खाली बघतो तर फरशीवर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी उरलेलं. मधून पोकळ. मी ते बोटांत फिरवलं आणि खिडकीतून फेकून दिलं.

आता तुम्ही म्हणाल नऊ वर्षांचं पोर, त्याला काय कळतं शॉर्ट सर्किट. मीही स्वतःला हेच म्हणून बघितलं. खरंच कळत नव्हतं. पण दादाला पडली तेव्हा मी आईच्या मागे का लपलो? काहीतरी उरलं होतं आणि ते मी टाकलं होतं, एवढं तर मला ठाऊक होतं. तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग विसरलो, आणि इतकं चांगलं विसरलो की पुढे 'तेल्या' म्हणून मीही हसायचो.

आप्पांचंही नवल वाटतं. फिटर माणूस, एकदा बॉडी उघडून बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. पण विजेचं काम त्यांचं नव्हे, आणि त्या दिवशी ते चिडलेही होते. साहेबांनी विश्वासाने दिलेली वस्तू. वास घेतला आणि निकाल दिला. घरात त्यांचा निकाल म्हणजे निकाल.

असो. दुसऱ्या दिवशी बस धरून कोठीला गेलो. गुजराती गल्लीतल्या दुकानदाराला सांगितलं, सगळ्यात बारीक स्लीव्ह दे, एक इंच. तो म्हणाला, "एक इंच कौन लेता अंकल? मीटर लेव, दस रुपये." दहा रुपयांची मीटरभर नळी घेतली. त्यातली जेमतेम पाव इंच लागली. बाकीची अजून आप्पांच्या पेटीत आहे.

बारा व्होल्ट दिले आणि मोटर पहिल्या झटक्यात फिरली. मला वाटलं होतं मी आनंदाने ओरडेन. मी उठून पाणी प्यालो.

मग बाकीची कामं केली. जुना मॅग्नेट दमला होता. मोटर भरपूर करंट खाई, पाच मिनिटांत तापे, आणि दोन डबे जोडले की कण्हू लागे. या मोटरींना आता निओडिमियमचा छोटा मॅग्नेट बसवतात. तो आकाराने लहान असल्यामुळे मोकळ्या जागेत लोखंडाचे तुकडे भरावे लागतात. ते मी आप्पांच्या कानशीने घासून केले, चार दिवस लागले. जुना मॅग्नेट चिठ्ठी लावून डबीत ठेवलाय. कडक झालेल्या वायरी बदलल्या. आणि एक छोटा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर घेतला, शॉर्ट झालं की आपोआप बंद पडणारा. नातीच्या मोबाईलचं मात्र जमवलं नाही. त्यासाठी डिकोडरची चिप बसवावी लागते, मग दोन्ही कार्बन सांगाड्यापासून तोडायचे, आणि ही जुनी मोटर एवढा करंट ओढते की साधी चिप उडायची. करता येतं, करणारे करतात. मला करावंसं वाटलं नाही. पुण्याला कोथरूडात भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ साली उघडलेलं. नातीला तिथे घेऊन जाईन म्हटलं, तिथे हव्या तेवढ्या गाड्या बघ. आपली एकच, आणि ती हातानेच चालवायची.

हे सगळं मे अखेर झालं. दादाला फोन करायला पाच-सहा वेळा घेतला. तब्येत विचारली, वहिनींच्या गुडघ्यांचं विचारलं, आंब्याचा भाव विचारला, ठेवला.

जूनमध्ये कागदांवर सह्या करायला दादा आणि वहिनी नांदेडहून आले. पहाटे काचीगुड्याला उतरले. दादा आता सदुसष्टचा. ऑटोतून उतरून आधी कडुलिंबाला हात लावला, मग आत आला. रजिस्ट्रारकडचं काम दुपारपर्यंत आटोपलं. रात्री रिकाम्या घरात आम्ही चौघं आणि नात. दुसऱ्या दिवशी किल्ल्या द्यायच्या. मधल्या खोलीत, जिथे गणपतीचा पाट असायचा तिथेच, मी रूळ मांडले. पाऊण मीटर व्यासाचं वर्तुळ. दादा खुर्चीत बसून बघत होता, काही बोलला नाही. मी खोका आणला.

"ही तर जळालेली ना?" दादा.

"जळाली नव्हती."

मग सांगितलं सगळं. कपाट, स्टूल, कार्बन, नळी, खिडकी. स्प्रिंग काढून दाखवली, नळी बोटावर ठेवून दाखवली. वहिनी एकदा "अगं बाई" म्हणाल्या. दादाने नळी माझ्या बोटावरून उचलली, दिव्याकडे धरून तिच्या भोकातून पाहिलं.

"हे तू आता सांगून राहिलास?" तो म्हणाला. "आप्पा गेल्यावर?"

"मला मार्चमध्ये कळलं रे."

"मार्चमध्ये. आता जून आहे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो उठून मागे न्हाणीकडे गेला. बराच वेळ आला नाही. माझी बायको जाऊ का म्हणून खुणावत होती, वहिनी म्हणाल्या, "राहू द्या, येतील." नातीला काही कळत नव्हतं, ती डबे रुळावर ठेवत होती. दादा आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. पंचाने हात पुसत म्हणाला, "परभणीच्या काकूंना फोन लाव."

"आत्ता? साडेनऊ झाले."

"लाव म्हणतो ना."

काकू एक्क्याण्णव वर्षांच्या, कमी ऐकू येतं. दादाने फोन घेतला आणि मोठ्यांदा, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "काकू, गणपतीचं इंजिन आठवतं का? हौ, तेच. ते मी नव्हतं बिघडवलं. धाकट्याने." पलीकडून काकू काय म्हणाल्या कळलं नाही. दादा म्हणाला, "नाही नाही, काही नाही, सहज सांगितलं. झोपा तुम्ही." फोन मला दिला.

मग खाली मांडी घालून बसायला गेला, गुडघे वाजले, बसला. नळी स्प्रिंगच्या पायावर त्याने स्वतः चढवली. हात कापत होता तरी पहिल्या खेपेला स्प्रिंग बसली. मग आप्पांची पेटी ओढली, तेलाची बाटली काढली, आणि आसावर, गिअरवर, बेअरिंगवर तेल दिलं. पुन्हा दिलं. मी म्हणालो, "दादा, एक थेंब पुरतो, बास." त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, अजून एक थेंब दिला.

गाडी सुरू झाली. दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या फेरीला तेल चाकांवर उतरलं, आणि चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. गाडी तिथेच. नात खो खो हसली. दादा म्हणाला, "फडकं आण रे," आणि मी फडकं आणून चाकं पुसायला बसलो.